बंदुकीचा परवाना आणि घरातल्या बाईचं म्हणणं

आजच्या भागात आपण बंदुकीबद्दल बोलणार आहोत. काहीजणी म्हणतील, हे काय आपलं काम? गटाच्या कार्यक्रमात कर्ज, शेळीपालन, लोणची-पापड यावर बोलावं, बंदूक कशाला मध्ये? पण गेल्या काही महिन्यांत गटांच्या बैठकांमधून आमच्याकडे हाच विषय पुन्हा पुन्हा आला. कुणाच्या घरी रानडुकरांनी भुईमूग उकरला म्हणून परवान्याचा अर्ज करायचं चाललंय. कुणाच्या सासऱ्यांची जुनी ठासणीची बंदूक माळ्यावर पडून आहे आणि सासरे आता नाहीत. एका वहिनींनी तर सरळच विचारलं, "प्यायल्यावर हा माणूस काय करतो ते मला माहीत आहे. त्याला बंदूक द्यायची की नाही हे ठरवताना मला कुणी विचारणार आहे का?"

याचं सरळ उत्तर असं, की आपल्या कायद्यात बायकोला विचारलंच पाहिजे अशी अट नाही. पण कुणी विचारलं नाही तरी आपण सांगू शकतो. सांगितलेलं लेखी असेल तर अधिकाऱ्याला त्याची दखल घ्यायला आधार मिळतो. हे कसं करायचं ते आपण शेवटी बघू. त्याआधी कायदा काय म्हणतो, आणि बंदूक कुणाच्या हाती द्यावी यावर एवढा वाद का आहे, ते समजून घेऊ.

इंग्रजांनी १८७८ साली शस्त्र कायदा आणला. तेव्हा इथल्या माणसाला परवान्याशिवाय हत्यार ठेवता येत नव्हतं आणि गोऱ्यांना मात्र सूट होती. या भेदभावाची चीड स्वातंत्र्याच्या चळवळीतल्या अनेकांना होती. स्वातंत्र्यानंतर आपल्या संसदेने १९५९ साली नवा शस्त्र कायदा केला. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला आणि आजही तोच चालतो. त्यात गोरा-काळा भेद गेला, पण परवाना राहिला. म्हणजे आपल्या देशात बंदूक बाळगणं हा हक्क नाही, ती सरकारने दिलेली परवानगी आहे. दिलेली परवानगी काढूनही घेता येते. अमेरिकेत गोष्ट उलटी आहे. तिथे शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१ सालापासून राज्यघटनेत लिहिलेला आहे. त्यामुळे तिथे सरकारने अट घातली की लोक कोर्टात जातात. टीव्हीवर आपण अमेरिकेतल्या गोळीबाराच्या बातम्या बघतो आणि त्यानंतरचे वाद ऐकतो, त्याचं मूळ इथे आहे.

आपल्याकडे परवाना जिल्हाधिकारी देतात. मोठ्या शहरात पोलीस आयुक्त देतात. अर्जदाराचं वय किमान २१ वर्षं लागतं. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात ज्याला शिक्षा झाली आहे, त्याला शिक्षा संपल्यापासून ५ वर्षं हत्यार ठेवता येत नाही. गावात आपण 'चॅप्टर केस' म्हणतो ना, म्हणजे शांतता राखीन किंवा नीट वागेन असा बाँड ज्याच्याकडून लिहून घेतला आहे, त्यालाही त्या बाँडची मुदत संपेपर्यंत बंदूक ठेवता येत नाही. मानसिक स्थिती ठीक नसलेल्या माणसाला परवाना नाकारता येतो. आणि या कशातही न बसणारा माणूस असला, तरी त्याला परवाना दिल्याने सार्वजनिक शांततेला किंवा सुरक्षिततेला धोका आहे असं अधिकाऱ्याला वाटलं, तर ते नकार देऊ शकतात. एक गोष्ट मात्र कायद्याने स्पष्ट केली आहे. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून कुणाला परवाना नाकारता येत नाही.

अर्ज आला की जवळच्या पोलीस ठाण्याकडून अहवाल मागवला जातो. पोलीस गावात चौकशी करतात. २०१६ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांचं प्रमाणपत्रही लागतं. त्यात शरीर आणि मन ठीक आहे, आणि माणूस दारूच्या किंवा इतर नशेच्या आहारी गेलेला नाही, असं लिहून द्यावं लागतं. बंदूक आणि काडतुसं ठेवायला सुरक्षित जागा आहे का, हेही अर्जात विचारतात.

शेतीसाठी कायद्यात वेगळी सोय आहे. खरोखर पीक राखायला हवी असेल तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो. इथे एक गैरसमज काढून टाकू. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. रानडुक्कर शेतात शिरलं तरी ते मारायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वन विभागाची परवानगी वेगळी लागते. वन्य प्राण्यांनी पिकाचं नुकसान केलं तर पंचनामा करून भरपाई मागता येते. पुष्कळ घरांत बंदुकीच्या अर्जाची धावपळ होते आणि भरपाईचा अर्ज राहून जातो. आधी तो करा.

२०१९ साली कायद्यात मोठे बदल झाले. पूर्वी एका माणसाला तीन बंदुका ठेवता यायच्या, आता दोनच. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली. आणि लग्नात, वरातीत, मिरवणुकीत, देवाच्या ठिकाणी आनंदाच्या भरात हवेत गोळी झाडून लोकांचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. बंदूक परवान्याची असली तरी ही शिक्षा आहे.

आता वादाकडे येऊ. एका बाजूचे लोक म्हणतात, शेतकऱ्याला गरज आहे. पोलीस ठाणं वीस-पंचवीस किलोमीटर लांब, रात्री वस्तीवर एकटं घर, डुकरं आणि चोर दोन्हींची भीती. नियम पाळणारा माणूस डॉक्टर, पोलीस, कचेरी असे खेटे घालतो आणि गुंड मात्र विनापरवाना गावठी कट्टा कमरेला लावून फिरतो. मग अटी वाढवून त्रास कुणाला? जो सरळ आहे त्यालाच. हे म्हणणं खोटं नाही. आपणही शेतकरी घरच्याच आहोत, रात्रभर जागून पीक राखणं काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे.

दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात, बंदूक डुकरासाठी घेतली तरी ती चोवीस तास घरात असते. घरात मुलं असतात, भांडणं असतात, दारू असते, कर्जाच्या चिंतेत खचलेली माणसं असतात. रागाच्या भरात काठी उचलली तर मध्ये पडायला वेळ मिळतो, जखमेवर उपचार होतात. गोळीला तेवढा वेळ नसतो. हेच आपण पिकावर फवारायच्या औषधाबाबत अनुभवलं आहे. औषधाचा डबा हाताशी असला की एका वाईट क्षणात घर उद्ध्वस्त होतं. डबा कुलपात असला तर तो क्षण टळून जायची शक्यता असते.

हे दोन्ही लोक एका गोष्टीवर मात्र सहमत आहेत. बंदूक योग्य माणसाकडेच जावी. खरा प्रश्न हा, की योग्य कोण हे ओळखायचं कसं?

बरेच लोक पटकन म्हणतात, "वेड्याला देऊ नये." इथे आपण सावध राहायला हवं. मानसिक आजार असलेली बहुतेक माणसं कुणावर हात उचलत नाहीत. उलट तीच मार खातात, टोमणे ऐकतात. सगळ्यांना एका माळेत ओवलं तर काय होईल? नैराश्य आलेला माणूस उपचारालाच जाणार नाही, डॉक्टरांपासून लपवील. अशा माणसाच्या घरी बंदूक असली तर धोका बहुधा त्याच्या स्वतःच्या जिवाला असतो. तो बरा होईपर्यंत ती घराबाहेर ठेवणं हे त्याच्यासाठीच चांगलं आहे, आणि त्यात त्याचा अपमान नाही.

दुसऱ्यावर हात उचलण्याचा धोका ओळखायचा असेल तर आजाराच्या नावापेक्षा वागणं बघावं लागतं. घरात मारहाण करतो का? धमक्या देतो का? प्यायल्यावर हातात मिळेल ते उचलतो का? बांधाच्या भांडणात शेजाऱ्यावर धावून जातो का? डॉक्टर त्याला दहा मिनिटं बघतात, आणि तो त्या दिवशी अंघोळ करून, शुद्धीत, स्वच्छ शर्ट घालून गेलेला असतो. पोलीस त्यांच्याकडचे गुन्हे बघतात. पण ज्या मारहाणीची तक्रारच झाली नाही, ती कुठल्याही रजिस्टरमध्ये नसते. ती माहीत असते घरातल्या बाईला, शेजारच्या काकूंना आणि मुलांना. अब्रूसाठी आपण जे झाकून ठेवतो, त्यामुळेच तो माणूस कागदावर निर्दोष दिसतो.

जगात इतर देशांनी यावर काय केलं ते बघण्यासारखं आहे. ऑस्ट्रेलियात एप्रिल १९९६ मध्ये पोर्ट आर्थर या गावी एका माणसाने गोळीबार करून ३५ लोकांना मारलं. त्यानंतर काही दिवसांतच तिथल्या केंद्र आणि राज्य सरकारांनी एकत्र बसून नियम कडक केले. बंदूक का हवी याचं खरं कारण द्यावं लागतं. शेती हे कारण चालतं, 'स्वतःच्या रक्षणासाठी' हे कारण चालत नाही. खरेदीच्या परवानगीसाठी २८ दिवस थांबावं लागतं. घरगुती हिंसेवरून कोर्टाचा संरक्षण आदेश निघालेल्या माणसाला परवाना नाकारण्याचं ठरलं. सरकारने पैसे देऊन सुमारे साडेसहा लाख बंदुका लोकांकडून परत घेतल्या आणि मोडून टाकल्या. तिथल्या शेतकऱ्यांकडे आजही बंदुका आहेत, पण तपासून आणि कुलपात.

कॅनडात परवान्याच्या अर्जात आताच्या आणि गेल्या दोन वर्षांतल्या जोडीदाराची माहिती द्यावी लागते. जोडीदाराची सही नसली तर, 'या माणसाने बंदुकीसाठी अर्ज केला आहे', असं तिला कळवलं जातं. तिला काही सांगायचं असेल तर ती सांगू शकते. न्यूझीलंडमध्येही पोलीस परवाना देण्याआधी पत्नीशी किंवा घरातल्या जवळच्या माणसाशी बोलतात. आमच्या वहिनींनी विचारलेला प्रश्न तिथे नियमातच आहे.

एवढंच काय, अमेरिकेत बंदूक हा हक्क असूनही, कोर्टाने घरगुती हिंसेवरून संरक्षण आदेश काढलेल्या माणसाला बंदूक ठेवायला १९९४ पासून बंदी आहे. १९९६ साली आणखी एक कायदा झाला. घरातल्या माणसाला मारहाण केल्याच्या लहान गुन्ह्यात शिक्षा झाली तरी बंदूक ठेवता येत नाही. पुढे एका माणसाने संरक्षण आदेशाच्या बंदीला आव्हान दिलं, माझा घटनेतला हक्क जातो म्हणून. जून २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने ती बंदी योग्य ठरवली. इतर बाबतीत तिथे रोज वाद चालतो, पण बायकोच्या जिवाला धोका असलेल्या माणसाच्या हाती बंदूक नको, हे तिथल्या कोर्टालाही पटलं.

काहीजणी विचारतील, मग बाईलाच बंदूक दिली तर? आपल्या देशात हाही प्रयोग झाला. दिल्लीतल्या २०१२ च्या घटनेनंतर, जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं छोटं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. वजन सुमारे अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या जवळपास. त्यावर देशभर चर्चा झाली. एवढे पैसे किती बायकांकडे आहेत, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न त्याहून मोठा. बाईवर हात उचलणारा बऱ्याचदा ओळखीचा, घरातला असतो. त्याच घरात ठेवलेलं हत्यार वेळेला तिच्या हाती येईल की त्याच्या? कायद्याने बाईला परवाना मिळू शकतो, आणि ज्या बहिणीला तो हवा आहे तिला आम्ही नको म्हणणार नाही. पण गावातल्या बाईची सुरक्षा रस्त्यावरचा दिवा, वेळेवर येणारी एसटी, तक्रार लिहून घेणारं पोलीस ठाणं आणि हाकेला धावणाऱ्या बायका यांवर जास्त अवलंबून आहे, असं आम्हाला वाटतं.

आता आपण काय करू शकतो ते सांगतो. वही-पेन घ्या.

पहिली गोष्ट. घरातल्या किंवा शेजारच्या हिंसक माणसाने परवान्याचा अर्ज केल्याचं कळलं, तर पोलीस निरीक्षकांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या. मोघम लिहू नका. कोणत्या तारखेला काय झालं, कोणी पाहिलं, दवाखान्याचा कागद आहे का, आधी ठाण्यात एन.सी. नोंदवली आहे का, ते लिहा. एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि त्यावर पोच घ्या. एन.सी. म्हणजे शिक्षा नव्हे, पण चौकशीच्या वेळी ती नोंद बोलते.

दुसरी. परवाना मिळून गेला असला तरी वेळ गेलेली नाही. माणूस योग्य राहिला नाही, त्याने माहिती लपवून परवाना मिळवला, परवान्याच्या अटी मोडल्या, किंवा सार्वजनिक सुरक्षिततेला धोका आहे, अशा कारणांनी जिल्हाधिकारी परवाना स्थगित किंवा रद्द करू शकतात. मुदत संपून नूतनीकरणाची वेळ येते तेव्हाही हे सांगता येतं.

तिसरी. घरात मारहाण होत असेल तर २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे जा. त्या बाईला जाता येत नसेल तर शेजारीण किंवा गटातली कुणीही माहिती देऊ शकते. चांगल्या हेतूने माहिती दिली म्हणून तिच्यावर कारवाई होत नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे. कोर्टाकडून संरक्षण आदेश मिळतो. आणि हिंसेत हत्यार वापरलं गेलं असेल, तर न्यायाधीशांच्या आदेशाने संरक्षण अधिकारी पोलिसांची मदत घेऊन ते जप्त करवू शकतात. बंदुकीची गोष्ट अर्जात न विसरता लिहा.

चौथी. बंदूक घरात असेल तर ती रिकामी ठेवा, कुलपात ठेवा. काडतुसं किंवा दारू-छरे वेगळ्या कुलपात ठेवा आणि किल्ली मुलांच्या हाती लागू देऊ नका. घरात कुणी फार खचलेलं असेल, मरणाची भाषा करत असेल, तर घरच्यांशी बोलून बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायला लावा आणि पावती घ्या. मन मोकळं करायला १४४१६ हा सरकारी टेलि-मानस क्रमांक आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

पाचवी. परवाना ज्याच्या नावावर होता तो माणूस वारला, तर ती बंदूक माळ्यावर ठेवू नका. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. उशीर न करता ठाण्यात जमा करा आणि पावती घ्या. वारसाला हवी असेल तर नव्याने अर्ज करता येतो, मुलीलाही आणि सुनेलाही. विनापरवाना बंदूक सापडली तर गुन्हा होतो, आणि ती जिच्या घरात सापडते तिलाच उत्तर द्यावं लागतं.

आणि जीव धोक्यात असेल तर कागद नंतर. आधी ११२ ला फोन करा. महिलांसाठी १८१ आहे.

एक विनंती मात्र आहे. हा अधिकार जपून वापरा. बांधाच्या वादासाठी किंवा भाऊबंदकीचा राग काढायला खोटा अर्ज कुणी करू नये. एक खोटा अर्ज पुढच्या दहा खऱ्या बायकांच्या अर्जाची किंमत कमी करतो. ज्या शेतकऱ्याला खरी गरज आहे आणि जो शांत माणूस आहे, त्याच्या वाटेत आपण उगाच येऊ नये.

कॅनडासारखी अट आपल्याकडेही यावी, म्हणजे परवान्याआधी घरातल्या बाईशी, नवऱ्यासमोर नाही तर एकटीशी बोलावं, असं आम्हाला वाटतं. यासाठी आपली महिला ग्रामसभा ठराव करून तो वर पाठवू शकते. तोवर येत्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले की एवढं करा. गावात परवान्याच्या बंदुका कुठे कुठे आहेत, त्या कुलपात आहेत का, आणि कुणा बहिणीला भीती वाटते का, हे एकमेकींना विचारा. भीती सांगणाऱ्या बहिणीला ठाण्यात एकटी पाठवू नका, चौघी मिळून सोबत जा.

पुढच्या भागात पिकाच्या नुकसानभरपाईचा अर्ज कसा भरायचा ते सांगणार आहोत. तोपर्यंत नमस्कार.